आधी नळाला हात

३ डिसेंबर, मंगळवार

प्रकाशन संस्थेतून संपादिकाबाईंचा फोन. पत्नीच्या पुस्तकाची नऊ प्रकरणे त्यांच्याकडे पोहोचली आहेत, दहावे नाही. मी सांगितले, ते लिहून झालेले नाही, आणि जिने लिहायचे ती अठ्ठेचाळीस दिवसांपूर्वी गेली. त्या हळूच म्हणाल्या — "कल्पना आहे, सर. म्हणूनच इतके दिवस फोन केला नाही."

पुस्तक शाळकरी मुलांसाठी आहे. विजेशी ओळख. सव्वीस वर्षे विज्ञान शिकवल्यावर तिने ते लिहायला घेतले. दहाव्या प्रकरणाचे नाव ठरलेले आहे : ‘साठलेली वीज आणि वाहती वीज’. ते एकतीस तारखेपर्यंत मिळाले नाही, तर दुसऱ्या लेखकाकडून सारे पुस्तक नव्याने लिहवून घेणार. मुखपृष्ठावर त्याचे नाव. तिचे आत कोठेतरी, "यांच्या टिपणांच्या आधारे" म्हणून.

टिपणे! नऊ प्रकरणांना टिपणे म्हणतात!

मी म्हणालो, दहावे मी देतो. चौतीस वर्षे विद्युत निरीक्षक होतो. कारखान्यांच्या तारा, बटणे, अर्थिंग तपासण्यात केस पांढरे झाले. मुलांसाठी दहा पाने लिहिणे ही काही अवघड गोष्ट नव्हे.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी टेबल पुसून बसलो. तीन पाने झाली. पहिले वाक्य : "विद्युतरोधक पृष्ठभागावर घर्षणामुळे निर्माण होणारे विद्युतप्रभारांचे असमतोल वितरण जेव्हा वहनाच्या अभावी त्याच स्थानी टिकून राहते, तेव्हा त्या अवस्थेस स्थिर विद्युत असे संबोधले जाते."

निर्दोष आहे. दोनदा वाचले. एक अक्षर हलवता येणार नाही.

संध्याकाळी चहा दोन कप झाला. एक ओतून दिला.

६ डिसेंबर, शुक्रवार

तिची फाइल उघडली. भाषेत एकवाक्यता असावी म्हणून. पहिल्या तीन प्रकरणांच्या समासात माझ्या दुरुस्त्या आहेत. ‘असते’च्या जागी ‘असल्याचे आढळते’. ‘बघा बरं’ — काढावे. ‘गंमत म्हणजे’ — अनावश्यक. चौथ्या प्रकरणापासून समास कोरा.

मला आठवते, त्या सुमारास मी तिला म्हणालो होतो, आता तुझी भाषा सुधारली. दाखवण्याचीही गरज उरली नाही. ती हसली होती.

आज चौथे प्रकरण वाचले. पहिल्याच ओळीत ‘गंमत म्हणजे’. पुढे पानोपानी ‘बघा बरं’!

भाषा सुधारली नव्हती. तिने मला दाखवणे बंद केले होते.

८ डिसेंबर, रविवार

मेहुणी डबा घेऊन आली. तिचे शिवणकामाचे दुकान कोपऱ्यावरच आहे. रविवारी अर्धा दिवस बंद ठेवते आणि तो अर्धा दिवस माझ्यावर खर्च करते. डबा ठेवण्याआधीच टेबलावरची पाने उचलली. तोंडात सुई धरावी तसे ओठ आवळून वाचत होती.

"भाऊजी, हे पोरांसाठी आहे का कोर्टासाठी?"

मी म्हणालो, विषय शास्त्रीय आहे, काटेकोरपणा हवा.

"अहो, पहिल्या वाक्यात श्वास घ्यायला जागा नाही! पोरगं पूर्णविरामापर्यंत पोचेस्तोवर शाळा सुटेल."

मी विचारले — विचारायला नको होते — की तिच्या ताईने हे वाचले असते तर काय म्हणाली असती.

"ताई? ‘छान आहे हो’ म्हणाली असती. आणि तुम्ही फिरायला गेलात की सगळं परत लिहून काढलं असतं."

मग तिला वाटले की आपण जास्त बोललो. पानांच्या कडा उगाच जुळवत बसली. जाताना दारातून, "डबा गरम करून खा. आणि वाक्यं जरा आखूड करा, माप मोठं झालंय."

वाढलेले सगळे संपवले. चव लागली नाही, पण संपवले.

९ डिसेंबर, सोमवार

पहिले वाक्य खोडले. दुसरे लिहिले. तेही खोडले. पाने शून्य.

१२ डिसेंबर, गुरुवार

तिचे वर्गात न्यायचे खोके माळ्यावरून काढले. आत प्लास्टिकची पट्टी, लोकरीचा तुकडा, दोन फुगे, टॉर्चचा बल्ब, दोन सेल, तारेचे वेटोळे. प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी : ‘पट्टी — तेलकट हाताने धरू नये.’ ‘बल्ब — एकच आहे, जपून!’ तळाशी एक पाठकोरा कागद, दहाव्या प्रकरणासाठी. एवढेच लिहिलेले :

"प्रभार हा शब्द पहिल्या दोन पानांत नको. आधी चटका, मग शब्द.
हजारो व्होल्ट असून माणूस मरत का नाही — हे मुले विचारणारच.
यांना विचारायचे : वाहती वीज थांबली की ती साठलेली होते का?"

यांना विचारायचे.

विचारले नाही. कागदावर तारीख आहे, ऑगस्टची. म्हणजे दोन महिने होते. मी रोज घरात होतो. निवृत्त माणूस दुसरे कोठे असणार! दोन महिन्यांत तिला एकही वेळ योग्य वाटली नाही.

कोणीही प्रश्न विचारला की मी पहिल्यांदा प्रश्नच कसा चुकीचा आहे ते सांगतो. हे मला ठाऊक आहे. कनिष्ठ निरीक्षक यावरून पाठीमागे काय म्हणत, तेही ठाऊक आहे.

तिने आज विचारावे. मी नीट उत्तर देईन. प्रश्न चुकीचा आहे असे म्हणणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

प्रयोग करून पाहिले. पट्टी लोकरीवर घासली, कागदाचे कपटे उडून चिकटले. पन्नास वर्षांनी केला असेल! कारखान्यात आम्ही ही वीज मोजत होतो, घालवत होतो, अहवालात तिला ‘धोका’ म्हणत होतो. कपटे नाचवून पाहायला कोणाला सवड होती?

मेहुणी आली. तिला विषय नवा नाही. थंडीत दुकानात अस्तराचे नायलॉन अंगाला चिकटते, दोरे बोटांमागे धावतात. "मी सरळ पाण्याचा फवारा मारते. हवा ओली झाली की सुतासारखं सरळ येतं." बरोबरच आहे. दमट हवेत साठलेली वीज टिकत नाही, हळूहळू झिरपून जाते. हे मी तीन परिच्छेदांत लिहिले होते. तिने एका फवाऱ्यात सांगितले.

तिला कागदावरचा तो प्रश्न विचारून पाहिला. हजारो व्होल्ट असून माणूस मरत का नाही?

"मलाच विचारता? बरं, तुम्ही सांगा. मला कळलं तर पोरांना कळेल."

मी म्हणालो, व्होल्ट म्हणजे उंची धर. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून चमचाभर पाणी अंगावर पडले तर काय होईल? काही नाही, दचकशील. आणि कमरेएवढ्या उंचीच्या टाकीतून नळ सतत वाहत राहिला तर? घर बुडेल. साठलेल्या विजेला उंची मोठी, पाणी चमचाभर. घरातल्या वाहत्या विजेला उंची त्या मानाने कमी, पण मागे अख्खे धरण. म्हणून ती मारते.

"म्हणजे आवाज मोठा आणि खिशात काही नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंसारखं!"

मी हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो, आणि हसून झाल्यावर नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. ऐकलेस का, असे विचारायला.

मेहुणीनेही तिकडेच पाहिले.

१७ डिसेंबर, मंगळवार

मुलीचा फोन. तिच्याकडे सकाळ, इकडे दुपार. आधी जेवणाची चौकशी, मग गुडघ्याची, मग पुस्तकाची.

"बाबा, होत नसेल तर देऊन टाका ना त्यांना. आईला नावाची हौस कधी होती?"

मी म्हणालो, तिला नव्हती. मला आहे.

मग म्हणाली, "हे तिला कधी सांगितलं होतंत?"

दुपारी चार पाने लिहिली. वाईट नाहीत. पण ‘आधी चटका’ कोठे आहे? मुलांना ओळखीचा वाटेल असा घरातला एखादा प्रसंग हवा. मला आठवतात ते सगळे कारखान्यातले.

१९ डिसेंबर, गुरुवार

मेहुणीच्या दुकानात गेलो, चार पाने दाखवायला. ती कात्री चालवत ऐकत होती. मी म्हणालो, घरातला प्रसंग सुचत नाही.

"सुचत नाही? अहो, तुमच्याच घरातला नळ आहे की!"

मला कळले नाही.

"ताई नाही का थंडीत कुठंही गेली की आधी नळाला हात लावायची? माझ्याकडे आली तरी. मी म्हणायची, इथं कुठं भाऊजी आहेत, सरळ ये ना बाई! तर म्हणायची, सवय झाली गं. आम्ही हसून हसून..."

कात्री थांबली. माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे. तिने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. पाने तिथेच राहिली.

२० डिसेंबर, शुक्रवार

लिहिले नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आता क्रमाने लिहितो.

बावीस वर्षांपूर्वी एका रंगाच्या कारखान्यात थिनर ओतताना आग लागली. तार सुटलेली नव्हती, बटण सदोष नव्हते. कामगाराच्या अंगावर नायलॉनचा सदरा होता. अंगात वीज साठली, पिंपाजवळ ठिणगी उडाली, वाफेने पेट घेतला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशी माझ्याकडे होती. मी नियम घालून दिला : त्या खोलीत शिरण्याआधी प्रत्येकाने दाराबाहेर जमिनीशी जोडलेल्या लोखंडी पट्टीला हात लावावा. अंगातली वीज तेथेच उतरते.

त्याच आठवड्यात, थंडीचेच दिवस, मी घरी खुर्चीत बसलो होतो. तिने स्वेटर काढला आणि मागून येऊन माझ्या गालाला हात लावला. चट्! मी ओरडलो. "आधी नळाला हात लाव, मग मला!" ती हसली. मी हसलो नाही. मी त्या माणसाचे हात पाहून आलो होतो. पण ते तिला सांगितले नाही. फक्त नियम सांगितला.

तिने पाळला. बावीस हिवाळे. स्वयंपाकघरातून नळाकडे, नळाकडून माझ्याकडे. आणि मी तो कधी मागे घेतला नाही. निरीक्षकाने दिलेली सूचना मागे घेईपर्यंत लागूच राहते, हे माझेच वाक्य.

ज्यांना हा विषय येतो त्यांना पुढची गोष्ट सांगावी लागू नये. मला येतो. तरी मला ती परवा दुकानातून घरी चालत येताना कळली : नळाला हात लावल्याने चटका टळत नाही! तो फक्त जागा बदलतो. अंगातली वीज उतरताना बोटाला बसतोच. माझ्यापाशी बसला असता तर दोघांना बसला असता. नळापाशी तिला एकटीला बसत होता.

२२ डिसेंबर, रविवार

आणखी एक. हे लिहिल्याशिवाय दुसरे काही लिहिता येणार नाही.

रुग्णालयातला शेवटचा दिवस, दुपारची वेळ. ती डोळे मिटून होती. मी पलंगाशेजारी, पाठ ताठ ठेवून. तिने उजवा हात उचलला आणि पलंगाच्या कडेचा लोखंडी दांडा चाचपला. दोन बोटे टेकवली. मला वाटले, आधार हवा आहे, उठायचे आहे. मी "हलू नकोस" म्हणालो आणि नर्सला बोलवायला गेलो.

नर्स आली तेव्हा हात चादरीवर होता. नंतर तो उचलला गेला नाही.

ऑक्टोबर महिना. हवा दमट. अंगात वीज साठण्याचे काहीच कारण नव्हते. सवय होती. दांड्यानंतर तो हात कोठे यायचा होता?

पुरावा नाही. असे मी अहवालात लिहिले असते. पुरावा नाही, परंतु अन्य स्पष्टीकरणही आढळत नाही.

मेहुणी आली होती. डबा बाहेरच ठेवून गेली. बेल वाजवली, हाक मारली — "भाऊजी, आहात ना? नुसतं हं म्हणा." मी हं म्हणालो.

२४ डिसेंबर, मंगळवार

सात दिवस उरले. लिहिलेले सगळे बाजूला ठेवले आणि कोऱ्या कागदावर सुरुवात केली :

"थंडीचे दिवस आहेत. तुम्ही स्वेटर काढता, कोणाला तरी हात लावता, आणि चट्! चटका कोणाला बसला? त्याला? तुम्हाला? बघा बरं नीट आठवून. दोघांनाही बसला, आणि एकाच क्षणी."

‘बघा बरं’ मी लिहिले. राहू दिले.

पुढे हात थांबला नाही. घासले की वीज एका जागी साठते. वाट मिळाली की एकदाच उडी मारते आणि संपते. वाहती वीज तशी नव्हे. तिला सेल हवा, तार हवी आणि परत यायला रस्ता हवा. रस्ता कोठेही तुटला की बल्ब विझतो. तिचा बल्ब जोडून पाहिला. चिठ्ठीत म्हटल्याप्रमाणे, जपून. लागला.

तो तसाच तासभर लावून ठेवला. सेल वाया जातात हे मला कळते.

२६ डिसेंबर, गुरुवार

आज तिच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. वाहती वीज थांबली की ती साठलेली होते का?

पहिला मसुदा ‘हा प्रश्नच मुळात’ असा सुरू झाला. फाडला.

दुसरा : "नाही. पण प्रश्न फार चांगला आहे. बटण बंद केले म्हणजे तारेतले कण कोठे पळून जात नाहीत, आणि एका टोकाला गोळाही होत नाहीत. तार पहिल्यासारखीच भरलेली असते. जे होते ते सगळे जिथल्या तिथे असते. फक्त पुढे सरकत नाही."

पेन खाली ठेवले. उठून सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली. तिचा चष्मा, तिची चप्पल, गॅलरीतली तिची खुर्ची. परत येऊन वाक्य वाचले. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. तसेच ठेवले.

हे उत्तर तिला तोंडाने द्यायचे होते. ती मान एका बाजूला कलती करून ऐकायची. मधेच "थांबा हां" म्हणून काहीतरी लिहून घ्यायची. मी थांबलो असतो.

२९ डिसेंबर, रविवार

मेहुणीला सबंध प्रकरण वाचून दाखवले. मधे एकदाही बोलली नाही. हे तिच्या बाबतीत असाधारण आहे. शेवटी पदराने चष्मा पुसला.

"भाऊजी, हे ताईचं आहे ना? तिनं लिहून ठेवलेलं सापडलं का?"

मी नाही म्हणालो. मी लिहिले आहे.

मग नाक ओढून, "तरीच दोन ठिकाणी ‘आढळते’ राहिलंय."

दोन्ही काढले. ती निघाली तेव्हा दारात सांगितले, नळाची गोष्ट आठवण करून दिलीस ते बरे केलेस. ती म्हणाली, "मला तर वाटलं, तुम्ही आता माझं तोंड बघणार नाही." मग जिन्यावरून, मोठ्याने, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे, "पुढच्या रविवारी डबा नाही, जेवायलाच या!"

३० डिसेंबर, सोमवार

प्रकरण स्वतः नेऊन दिले. संपादिकाबाई वाटत होत्या त्यापेक्षा तरुण आहेत. लेखकाचे नाव काय घालायचे, दोघांचे घालू या का, म्हणाल्या. मी नाही म्हणालो. तिचे एकटीचे.

"पण सर, हे तर तुम्ही—"

मी म्हणालो, मी फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली.

९ जानेवारी, गुरुवार

मंजूर. एक स्वल्पविराम वगळता काही बदललेले नाही. दुसरा लेखक नको, असे कळवले आहे. मुलीला फोन केला. तिने माझ्या गुडघ्याचे विचारले.

घर आज फार मोठे वाटते. काम होते तोवर ती त्या कामाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर असल्यासारखी होती. आता काम नाही.

२२ जानेवारी, बुधवार

मुखपृष्ठाचा नमुना तपासणीसाठी आला. तिच्या नावाआधी ‘दिवंगत’ असे छापले आहे. शब्द शुद्ध आहे, माहिती खरी आहे, प्रकाशनाच्या पद्धतीला धरून आहे.

खोडला. बदलाचे कारण लिहायला रकाना होता. तो रिकामा ठेवून सही केली.